निजामुद्दीन चाचांची पारख

आमच्या शेलूबाजारात निजामुद्दीन चाचा चौकातून निघाले की जुनी माणसं अजूनही हाक मारतात, "चाचा, जरा दात पाहून द्या!" थट्टाच असते, पण तिच्यात मान आहे. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. जबडा उघडून वय सांगायचे, दहा पावलं चालवून खोड सांगायचे. शिंगं काचेने खरवडून, तेल चोपडून तरणा म्हणून उभा केलेला म्हातारा बैल तर त्यांना लांबूनच कळायचा. "चाचांनी निवडला" एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

आता ट्रॅक्टरने बाजार खाल्ला. आठवड्याला चार-दोन जोड्या येतात, त्यांनाही दलाल लागत नाही. चाचा तरी बाजारच्या दिवशी रुमाल खांद्यावर टाकून जातात, लिंबाखाली बसतात, चहा पिऊन परत येतात. मला ते पाहवत नाही, म्हणून त्या दिवशी मी तिकडे फिरकत नाही.

मी प्रसेनजित. हायवेला लागून माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. फॉर्म, झेरॉक्स, निकालाची प्रिंट, असली कामं. चाचांची मुलगी नमरा दोन वर्षांपासून माझ्याकडे कामाला आहे. दुपारी गर्दी ओसरली की ती माझ्या एका जुन्या मशीनवर गोळीबाराचा खेळ खेळायची, पाच जण विरुद्ध पाच जण. पहिल्यांदा मी तिच्यावर खेकसलो. माझा स्वभावच तसा, आधी रागावतो आणि मग पाहतो. पाहिलं आणि माझं तोंड बंद झालं. ते मशीन रखडत, अडखळत चाललेलं, आणि ही पोरगी त्याच्यावर बसून हैदराबाद-दिल्लीच्या पोरांना धूळ चारत होती.

एप्रिल संपता संपता तिला पुण्याच्या एका टीमचा मेल आला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस चाचणी, सोमवार ते शुक्रवार, दुपारी चार ते सात, घरूनच. निवड झाली तर पुण्यात राहणं-जेवण आणि महिन्याला पंधरा हजार रुपये. अटी तीनच होत्या. वय वीसच्या आत हवं. मशीन स्वतःचं हवं आणि ते सेकंदाला शंभराच्या वर चित्रं दाखवणारं हवं. आणि दोन दिवस गैरहजर राहिलात तर नाव कापलं.

नमरा ऑगस्टमध्ये वीस वर्षांची होणार होती. म्हणजे जे काही होतं ते याच पाच दिवसांत होतं, पुढचं वर्ष तिच्यासाठी नव्हतंच. मेल तिने माझ्यासमोर चारदा वाचला आणि मग म्हणाली, "दादा, माह्याजवळ त मशीनच नाही." माझं ते खटारं सेकंदाला चाळीसच्या वर जात नव्हतं.

मीच तिला घेऊन घरी गेलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"खेळाचा पगार देते?" त्यांनी विचारलं.

"देते, चाचा."

"पोरीलेबी?"

"चांगली खेळली त पोरीलेबी."

चाचांनी दाढी कुरवाळत मनाशी हिशोब केला. चार हजारांवर माझ्याकडे राबणारी पोर, बारावीनंतर सुटलेलं कॉलेज, घरात पैसा आणणारं दुसरं कोणी नाही. "मंग घेऊ," ते म्हणाले. फरहत चाचींनी बकरीदसाठी वर्षभर पाला घालून वाढवलेले दोन बोकड दारात बांधलेले होते. ईद महिन्यावर होती. आणखी पंधरा दिवस थांबले असते तर दीडपट भाव आला असता, हे चाचांपेक्षा कोणाला जास्त कळणार? पण थांबायला वेळ कुठे होता. दोन्ही मिळून तीस हजारांना गेले. चाची त्या दिवशी दाराकडे पाठ करून बसल्या होत्या.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण रुमालाएवढं होतं. तीस हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर मागितला तर शहरातला दुकानदार हसतो. मी हट्टाला पेटलो. कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन मिळवलं, वापरलेला पण वेगवान मॉनिटर मिळवला, पॉवर सप्लाय मात्र नवा घेतला, तिथे काटकसर केली की सगळंच जळतं. हे सगळं होऊन साडेनऊ हजार उरले आणि घ्यायचं राहिलं ग्राफिक कार्ड. खेळाची चित्रं तोच भाग तयार करतो. तो नसेल तर बाकीचं सगळं म्हणजे टायपिंगचं मशीन.

साडेनऊ हजारांत नवीन कार्ड मिळत नाही. अकोल्यात करण नावाचा एक पोरगा जुनी कार्डं विकतो, त्याला फोन केला. या बजेटात बसतील अशी दोन कार्डं त्याच्याकडे होती. मी नमराला चिठ्ठी लिहून दिली: चालवून दाखवायला सांग, गॅरंटी विचार, उघडून साफ केलेलं असेल तर तेच घे. खरं तर तिला चिठ्ठीची गरज नव्हती. मेल आल्यापासून ती रोज याच गोष्टी वाचत होती, माझ्याहून जास्त तिलाच कळत होतं.

मी सोबत जायला हवं होतं. पण नेमका त्या शुक्रवारी बारावीचा निकाल होता, सेंटरसमोर पोरांची रांग लागली होती, आणि चाचाही म्हणाले, "तू कायले येतं? सौदा मी करतो ना. चाळीस वर्षं का मी बाजारात गवत उपटलं?" मीही पडत्या फळाची आज्ञा घेतली आणि गल्ल्यावर बसलो. त्या दिवशीच्या कमाईचं नाव काढलं तरी आता मला शरम वाटते.

अकोल्यात काय झालं ते मला नंतर नमराकडून आणि करणकडूनही कळलं.

बैलबाजाराची एक रीत आहे. दलालाचा हात रुमालाखाली गेला, बोटांनी भावाची बोली सुरू झाली, की ज्याला बैल घ्यायचा आहे त्याने मुकं व्हायचं. त्याच्या चेहऱ्यावर पसंती दिसली की विकणारा भाव चढवतो. चाचा तर घेणाऱ्याला सरळ चहाच्या टपरीवर बसवून यायचे. बसमध्ये त्यांनी नमराला हेच बजावलं. "तिथं तोंड उघडू नोको. कोणतं आवडलं, कोणतं नाही, काही दिसू देऊ नोको. हा बाजार हाय." पोरीने मान डोलावली. बापाची पारख चुकलेली तिने जन्मात पाहिली नव्हती.

करणने दोन कार्डं समोर ठेवली. एक लख्ख पुसलेलं, पंखे चकचकीत. दुसऱ्यावर धुळीचा थर, जाळीत कापसासारखा कचरा. चाचांनी आधी रुमाल काढून हातावर टाकला आणि हात पुढे केला. करण बिचारा त्या रुमालाकडे बघतच राहिला. त्याला वाटलं काका घाम पुसायला देत आहेत.

"काका, हे साफवालं घ्या," तो म्हणाला. "मी सोता खोललं, चिप थंड ठेवायची पेस्ट बदलली, आठ दिवस चालवून पाह्यलं. साडेनऊ हजार, महिन्याची गॅरंटी."

"अन् हे?"

"हे कालच एका गेमिंग झोनमधून आलं, पोरं पैसे देऊन दिवसभर खेळते तिथून. खोलून पाह्यलं नाही अजून. साडेआठले देतो, पण जसं हाय तसं. गॅरंटी नाही."

आता चाचांचं डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे. घासूनपुसून आणलेलं जनावर म्हणजे काहीतरी लपवलेलं जनावर. ज्याची विकणारा तारीफ करतो, ज्याच्यासाठी जबान देतो, तो बैल आतून बसलेला. आणि धुळीने माखलेला, शेतातून सरळ आलेला, तो खरा कामाचा. चाळीस वर्षं या हिशोबाने त्यांना कधी फसवलं नव्हतं.

करणने तीनदा सांगितलं, काका ते साफवालं घ्या. जितकं तो सांगे तितके चाचा पक्के होत गेले. नमरा शेजारीच उभी होती. तिला सगळं समजत होतं. एकदा तिने बापाची बाही ओढली. चाचांनी तिच्याकडे न पाहता तिची बोटं घट्ट दाबली, म्हणजे गप. ती गप राहिली. धुळीचं कार्ड आठ हजार दोनशेला ठरलं. करणने अर्धा तास चालवून दाखवलं, ते चाललं.

मी कार्ड हातात घेतलं, जाळीतला कचराच सांगत होता की हे कोणी उघडलेलं नाही. "चाचा, हे?" मी म्हणालो. चाचा खूश होते. "तेरासे रुपये वाचवले, बेटा. अन् त्या पोट्ट्याच्या तोंडाले भुललो नाही." मी नमराकडे पाहिलं, तिने नजर खाली घातली. मी कार्ड साफ केलं, बसवलं, मशीन सुरू झालं, आणि पडद्यावर आकडा उमटला, एकशे बत्तीस. नमराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अशा वेळी कोण बोलणार? मीही बोललो नाही. फक्त एक सांगितलं, "दुपारी बारा ते चार मशीन लावू नोको. तुमच्या घरी टिनाच्या छपराखाली भट्टी असते, सरावाच्या नादात कार्ड तापवशील."

सोमवारी ती पहिल्या तिघांत आली. मंगळवारीही. पुण्याच्या प्रशिक्षकाने तिला नाव घेऊन शाबासकी दिली. चाचांनी ती माझ्याकडून तीनदा वदवून घेतली.

बुधवारी साडेचारला पडद्यावर हिरव्या-गुलाबी चौकटी उमटल्या. नमराला वाटलं खेळातलंच काही असेल. मग चित्र फाटलं, मग काळोख. मी धावत गेलो. कार्ड काढलं, लावलं, वायर बदलली, दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलं. पंखे फिरत होते आणि पडदा काळाच. कार्ड काढून ठेवून मशीन तसंच चालवलं तर खेळ बैलगाडीसारखा हलत होता. टीमच्या लोकांनी सात वाजता कळवलं: आजचा दिवस गैरहजर धरला आहे. उद्या नसलात तर नाव कमी होईल.

नमरा रडली नाही. एका जागी बसून राहिली. चाचींनी ताट पुढे सरकवलं ते तसंच राहिलं. "म्या जाळलं ते," एवढंच ती म्हणत होती. त्या दिवशी दुपारी एक ते तीन तिने चोरून सराव केला होता. टिन तापलेलं, बाहेर चव्वेचाळीस डिग्री. मी नको म्हटलेलं. आपणच जाळलं, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

गुरुवारी मी सेंटरला कुलूप लावलं. आदल्या शुक्रवारी जे जमलं नाही ते आता जमलं, बैल गेला आणि झोपा केला. सकाळच्या बसने मी आणि चाचा अकोल्याला निघालो. कार्ड टॉवेलात गुंडाळून चाचांनी मांडीवर धरलं होतं. चारच्या आत दुसरं कार्ड घेऊन परत यायचं होतं. वाटेत बस पंक्चर झाली. चाचा उन्हात उभे राहून ड्रायव्हरला म्हणत होते, "बेटा, थोडी घाई कर, बेटा." मी त्यांना कधी कोणाला विनवताना पाहिलं नव्हतं.

दुकानात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. करणने कार्ड उघडलं, भिंग लावलं आणि मला जवळ बोलावलं. मधल्या चिपच्या कडेने जळकट डाग होते, जुने. "हे आधीच मेलेलं होतं, दादा," तो म्हणाला. "कोनीतरी गरम हवेनं भाजून पुन्हा चालू केलं अन् झोनवाल्यानं मले देल्लं. पोरीनं खेळलं काय, नाही खेळलं काय, हे चार-आठ दिवसांचंच होतं." मग तो चाचांकडे वळला. "काका, मी तुमाले तीनदा सांगतलं होतं."

"व्हय," चाचा म्हणाले. "सांगतलं होतं."

"ते साफवालं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी संध्याकाळी गेलं."

दुकानात बाकी जी होती ती सोळा हजारांच्या वर. आमच्या खिशात उरलेले तेराशे आणि माझे दोन हजार. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या पोराच्या पायाशी ठेवायला वाकले. करण दचकून मागे सरला, त्याने चाचांना दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं. "काका, हे काय करून राह्यले! असतं त देल्लं नसतं का?" त्याने अकोल्यात चार ठिकाणी फोन लावले. एका ठिकाणी एक कार्ड होतं, पण ते बुलढाण्याहून संध्याकाळी येणार होतं. करणने कार्डाच्या पैशांतले चार हजार रुपये परत म्हणून काउंटरवर ठेवले. चाचा म्हणाले, दावं हातात घेतलं की बैल आपला, मेला तरी आपला, मी पैसे घेणार नाही. मी चिडलो होतो, चाचांवर, करणवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. मी पैसे उचलून खिशात घातले. ते त्यांच्या बोकडांचे होते.

परतीच्या बसमध्येच चार वाजले. मी मोबाइलकडे पाहिलं, चाचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोघंही खिडकीबाहेर पाहू लागलो. सव्वाचारला मी टीमला फोन लावला. चाचांनी तो माझ्या हातातून घेतला. "साहेब, पोरगी घरी बसून हाय, तयार हाय. खोट मशीनमधी हाय, पोरीत नाही," ते म्हणाले. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला.

गाव जवळ आलं तसा मी म्हणालो, "चाचा, घरी सांगू का करणनं फसवलं? खराब माल गळ्यात मारला. तिच्या डोक्यावरचंबी ओझं जाईल अन् तुमचंबी नाव राहील." मला ते अगदी सोयीचं वाटत होतं. करण अकोल्यात, त्याला कोण विचारायला जातं? चाचांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. मला वाटलं पटलं.

घरी नमरा मशीनसमोर बसली होती. चारच्या आधीच येऊन बसली असणार, हेडफोन कानावर होता, नवी ओढणी घेतली होती, कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून. आमचे रिकामे हात तिने पाहिले. घरात ते त्यांच्या बोलीत बोलतात, पण मी सोबत असलो की वऱ्हाडीतच चालतं.

"अब्बा, माफ करा," ती म्हणाली. "म्या दुपारी खेळून ते जाळलं. दादानं नाही म्हटलं होतं. अम्मीचे बोकड गेले माह्या पायी."

मी तोंड उघडलं, "नमरा, त्या करणनं..."

चाचांनी हात वर करून मला थांबवलं. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. "तुह्यानं नाही जळलं," ते म्हणाले. "ते आधीच जळलेलं होतं. त्या पोरानं मले तीनदा सांगतलं, ते घेऊ नोका. तो खरं बोलून राह्यला होता. मले वाटलं गळ्यात मारून राह्यला. म्या बैल पाह्यला, बेटा. म्या कार्ड पाह्यलंच नाही."

नमरा त्यांच्याकडे पाहत राहिली. दारात चाची उभ्या होत्या. मला वाटलं ही आता सुटली, हलकी होईल, रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. राग होता तो. दोन वर्षांत या पोरीने माझं खेकसणं ऐकून घेतलं होतं, उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मी तिथंच उभी होती, अब्बा," ती म्हणाली.

"व्हय."

"मले समजत होतं. रोज वाचलं होतं म्या. तुमची बाही वढली."

"व्हय. म्या तुले गप केलं."

चाचांनी मान खाली घातली. नमराने कानावरचा हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला.

"आता बोलू का?" तिने विचारलं.

"बोल, बेटा."

"ते साफवालं घ्या लागत होतं."